नोकरी सांभाळून पोलिसी कर्तव्य : गृहरक्षक दलाच्या मानसेवी स्वरूपाचा विचार (विशेष संदर्भ : मंगळवार पेठ, कोल्हापूर)

प्रस्तावना

अंतर्गत सुव्यवस्था राखणे हे राज्यसंस्थेचे एक प्रधान कार्य होय आणि त्यासाठी पगारी, पूर्णवेळ पोलीस दल असते, असे आपण नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापासून शिकत आलो आहोत. प्रत्यक्षात रस्त्यावर खाकी गणवेशात उभी असलेली प्रत्येक व्यक्ती पूर्णवेळ पोलीस नसते. कोल्हापुरात अनंत चतुर्दशीला मंगळवार पेठेतील तुकाराम माळी तालीम मंडळाच्या मानाच्या गणपतीच्या पूजनाने मुख्य मिरवणुकीस आरंभ होतो. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी या मार्गाने मंडळांची रांग दुसऱ्या दिवसापर्यंत सरकत राहते. या मार्गावर काठी घेऊन, दोर धरून उभ्या असणाऱ्यांत असे अनेक जण असतात की जे एरवी लेथवर, दुकानात, पतसंस्थेच्या काउंटरवर किंवा शिलाई यंत्रावर काम करतात आणि बंदोबस्त संपताच पुन्हा तेथेच परततात. हे गृहरक्षक, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातील होमगार्ड होत.

नियमित नोकरी किंवा व्यवसाय करीत असतानाच नागरिकाने काही काळापुरते पोलिसाचे कर्तव्य बजवावे, या कल्पनेचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यात आज निर्माण झालेला पेच मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेख संख्यात्मक पाहणीवर आधारलेला नाही. कायद्यातील तरतुदी, न्यायालयीन निर्णय आणि पेठेत राहणाऱ्या कोणासही दिसणारी वस्तुस्थिती एवढाच त्याचा आधार आहे. अध्यापक वर्गास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु बोर्डाच्या परीक्षेत केंद्राच्या फाटकावर उभा असणारा गृहरक्षक आपण पाहतो, आणि आपल्याच कार्यालयातील एखादा लिपिक वा प्रयोगशाळा परिचर ना हरकत प्रमाणपत्र मागण्यास आला की महाविद्यालय या व्यवस्थेचा प्रत्यक्ष घटक बनते.

दलाचा उगम आणि कोल्हापूर

भारतातील गृहरक्षक दलाचा आरंभ तत्कालीन मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी झाला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. जातीय दंगलींचा तो काळ होता. पोलिसांची संख्या अपुरी पडत होती आणि दर वेळी सैन्य बोलावणे इष्ट नव्हते. यातून पोलिसांना साहाय्यभूत ठरणारे नागरिकांचे स्वयंसेवी दल उभे राहिले व १९४७ च्या मुंबई गृहरक्षक अधिनियमाने त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले. नाव ब्रिटनमधील १९४० च्या युद्धकालीन दलाशी जुळणारे असले तरी कार्य निराळे होते. ब्रिटनचे होमगार्ड शत्रूच्या आक्रमणाविरुद्ध सज्ज होते, तर मुंबईच्या गृहरक्षकास आपल्याच शहरातील जमावापुढे उभे राहावयाचे होते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर या दलाचा देशभर विस्तार झाला आणि आज देशातील त्याची मंजूर संख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आहे.

कोल्हापूरच्या दृष्टीने येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९४७ मध्ये कोल्हापूर हे संस्थान होते. मुंबई प्रांताचे कायदे येथे लागू नव्हते. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ च्या आरंभी येथे जी जाळपोळ झाली आणि जीत जयप्रभा स्टुडिओही भस्मसात झाला, त्या वेळी मुंबई प्रांतात उभे राहिलेले हे साहाय्यक दल कोल्हापूरच्या वाट्यास आलेले नव्हते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर हे चित्र बदलले. तरुणांनी एकत्र येऊन अंगमेहनतीचे सार्वजनिक काम करण्याची परंपरा मात्र कोल्हापुरास विलीनीकरणातून मिळालेली नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या तालमी पेठापेठांत होत्या, खासबागेचे कुस्ती मैदान मंगळवार पेठेच्या अंगणातच म्हणावे असे होते, आणि उत्सवातील व्यवस्था तालमीच्या पोरांनीच पाहावयाची हा रिवाज होता. गृहरक्षक दलास येथे मनुष्यबळ सहज लाभले असावे, त्याचे एक कारण या रिवाजात शोधता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अधिकार केव्हा सुरू होतो?

गृहरक्षकाविषयी दोन परस्परविरोधी समज प्रचलित आहेत. त्यास काहीच अधिकार नाही, तो केवळ शिट्टी वाजवणारा स्वयंसेवक आहे, असे काही जण मानतात. तर काहींच्या मते एकदा गणवेश मिळाला की तो कायमचा पोलीस झाला. कायदा या दोहोंहून वेगळे सांगतो. अधिनियमानुसार गृहरक्षकास कर्तव्यासाठी पाचारण केले असता त्यास पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार, विशेषाधिकार व संरक्षण प्राप्त होते. या वाक्यातील ‘पाचारण केले असता’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे होत. पाचारणाच्या आदेशाने अधिकार जन्मास येतो आणि कर्तव्यमुक्त होताच तो संपतो. कर्तव्यावर असताना तो लोकसेवक गणला जातो. त्यामुळे त्यास मारहाण करणे हा शासकीय कामात अडथळा आणणारा गुन्हा ठरतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ने घेतली आहे. याउलट, पाचारण होऊनही सबळ कारणाशिवाय हजर न राहणे हा गृहरक्षकाचा अपराध ठरतो. दलात जाणे स्वेच्छेचे आहे. बोलावणे आल्यावर जाणे स्वेच्छेचे नाही.

इंग्लंड व वेल्समधील ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ ही याच जातीची, परंतु अधिक जुनी व्यवस्था आहे. १८३१ च्या कायद्यापासून तिचे आधुनिक रूप सिद्ध झाले. हा विशेष शिपाई पगार घेत नाही. महिन्यातून साधारणतः किमान १६ तास देणे त्याच्याकडून अपेक्षित असते. मात्र त्याचा अधिकार नियमित शिपायाइतकाच असून तो कर्तव्यावर नसतानाही कायम राहतो. आपल्याकडील गृहरक्षकाचा अधिकार तासांनी मोजलेला आहे, हा भेद मूलभूत आहे. उद्यमनगरातील आपल्या कारखान्यात काम करीत असताना एखाद्या गृहरक्षकासमोर चोरी झाली, तर तो इतर कोणत्याही नागरिकाइतकाच अधिकार वापरू शकतो, अधिक नाही.

गृहरक्षकास विशेष पोलीस अधिकारी, पोलीस मित्र किंवा पोलीस पाटील यांच्याशी एक मानण्याची चूकही वारंवार होते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम २१ नुसार दंगल वा शांततेचा गंभीर भंग होण्याची भीती असल्यास पोलीस अधीक्षकास लेखी आदेशाने नागरिकांतून विशेष पोलीस अधिकारी नेमता येतात. मूळ तरतूद १८ ते ५० वयाच्या सुदृढ पुरुषांपुरती होती. २०२० च्या टाळेबंदीत राज्यात अनेक ठिकाणी अशी नेमणूकपत्रे दिली गेली. ही नेमणूक प्रसंगापुरती असते व तीत कवायत किंवा प्रशिक्षणाची परंपरा नसते. पोलीस मित्रास तर कोणताच वैधानिक अधिकार नाही. पोलीस पाटलाचे उदाहरण मात्र आपल्या विषयास उद्बोधक आहे. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखालील या पदावरील व्यक्तीस शेती किंवा गावातील स्थानिक व्यवसाय करता येतो, पण अन्यत्र पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. पोलीस पाटलाने गावात उपलब्ध असले पाहिजे, हे शासनाने ओळखले आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे मासिक मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णयही घेतला. शहरातील गृहरक्षकाबाबत उपलब्धतेचा हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे कधी विचारला गेलेला नाही.

नागरिकास पोलिसी अधिकार देताना कोठे थांबावे, याचा धडा छत्तीसगडने दिला आहे. सलवा जुडूमच्या काळात आदिवासी तरुणांना तुटपुंज्या प्रशिक्षणानंतर विशेष पोलीस अधिकारी नेमून, शस्त्रे देऊन नक्षलवाद्यांविरुद्ध उभे करण्यात आले. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवरील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रातील गृहरक्षकाची परिस्थिती अर्थातच त्याहून फार वेगळी आहे. तथापि स्वस्त आणि सहज उपलब्ध मनुष्यबळ म्हणून नागरिकाकडे पाहण्याचा मोह हा समान धागा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मानसेवा आणि भत्ता

दलाचे ब्रीद ‘निष्काम सेवा’ हे आहे. मूळ कल्पना अशी होती की, गृहरक्षकाचा चरितार्थ अन्यत्र चालतो. दलास तो आपला मोकळा वेळ देतो. आणि त्या दिवसाची झीज भरून निघावी म्हणून शासन त्यास भत्ता देते. वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही, कारण ही नोकरीच नाही. नेमणूक तीन वर्षांची व नूतनीकरण होणारी. वरिष्ठ पदेही मानसेवी. आज मात्र अनेक जिल्ह्यांत जिल्हा समादेशकपद अपर पोलीस अधीक्षकांकडे असते. नागरिकांच्या दलाचे नेतृत्वच पोलीस खात्याकडे गेले, हा बदल फारशी चर्चा न होता घडून आला आहे.

मूळ कल्पनेतील ‘चरितार्थ अन्यत्र चालतो’ हे गृहीतक आता कितपत खरे आहे? दलात प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण व २० ते ५० हे वय अशी अर्हता आहे. तीन वर्षांची सेवा झालेल्या गृहरक्षकास राज्य पोलीस, वन व अग्निशमन विभागांच्या भरतीत ५ टक्के आरक्षण मिळते. एन.सी.सी.चे ‘ब’ वा ‘क’ प्रमाणपत्र, आय.टी.आय. किंवा क्रीडा प्रमाणपत्र असल्यास निवडीत त्याचाही लाभ होतो. स्वाभाविकच भरतीची वाट पाहणारा पदवीधर तरुण या दलाकडे सेवेची संधी म्हणून नव्हे, तर पायरी म्हणून पाहतो. त्यात गैर काही नाही. पण नियमित नोकरी असलेला नागरिक ज्या दलाच्या केंद्रस्थानी कल्पिला होता, तेथे नियमित नोकरी शोधणारा तरुण येऊन उभा राहिला आहे, हे मान्य करावे लागते.

न्यायालयापुढे हा प्रश्न हिमाचल प्रदेशातील गृहरक्षकांच्या कल्याण संघटनेने नेला. ११ मार्च २०१५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने गृहरक्षकांना सेवेत कायम करण्याची मागणी मान्य केली नाही. परंतु कर्तव्य भत्त्याचा दर असा असावा की, महिन्याच्या ३० दिवसांची बेरीज त्या राज्यातील पोलिसाच्या किमान वेतनाइतकी व्हावी, असे निर्देश दिले. महाराष्ट्रात हा भत्ता ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवसाला ५७० वरून १,०८३ रुपये करण्यात आला. ३० दिवसांचे ३२,४९० रुपये होतात. ऐकताना ही रक्कम समाधानकारक वाटते, परंतु वर्षभर दररोज पाचारण होत नसते. एखाद्यास वर्षात ६० दिवस बंदोबस्त मिळाला असे धरल्यास एकूण ६४,९८० रुपये, म्हणजे महिना सरासरी ५,४१५ रुपये पडतात. इतर उत्पन्न असणाऱ्यास ही भरपाई उत्तम आहे. ज्याचे इतर उत्पन्न नाही, त्याच्यासाठी ही हंगामी मजुरी होय, आणि हंगाम केव्हा येईल हे त्याच्या हाती नाही.

भत्तावाढ न्याय्यच होती, याबद्दल दुमत नसावे. मात्र तिने मूळ पेच सुटलेला नाही, उलट अधिक ठळक झाला आहे. कायम करण्याची मागणी आली की गृहरक्षक ‘मानसेवी’ ठरतो आणि हातात काठी देऊन जमावापुढे उभे करावयाचे असले की तो ‘पोलीस’ ठरतो. राज्यसंस्था दोन्ही शब्द आपल्या सोयीने वापरते. ही टीका कठोर वाटेल, पण दोन्ही शब्द कायद्यात आहेत व ते एकाच माणसाला लावले जातात.

मालकाची संमती

नोकरी सांभाळून हे कर्तव्य करावयाचे तर खरा प्रश्न मालकाचा आहे. समजा, शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात मंगळवार पेठेतील एक टर्नर काम करतो आणि तो गृहरक्षक आहे. त्याचा बंदोबस्त केव्हा येतो? गणेशोत्सवात, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत, चैत्रात वाडी रत्नागिरीच्या जोतिबा यात्रेत, निवडणुकीत, बोर्डाच्या परीक्षांत. २०१९ व २०२१ सारखा महापूर आला तर तेव्हाही. सणापूर्वी कामाची निकड असते, सणात निम्मे कामगार रजेवर असतात, आणि नेमके तेव्हाच हा कारागीर हवा असतो. पोलिसांना आणि मालकास त्याची गरज एकाच आठवड्यात लागते. शिवाय मिरवणुकीचा बंदोबस्त रात्रभराचा. दुसऱ्या दिवशी यंत्रावर उभे राहणे सुरक्षित नाही. बंदोबस्त एक दिवसाचा असला तरी कामाचे दिवस दोन बुडतात, भत्ता मात्र एका दिवसाचा मिळतो.

याच शहरातील एका दुसऱ्या व्यवस्थेशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रादेशिक सेनेची १०९ वी बटालियन आहे. प्रादेशिक सेनाही नागरी व्यवसाय असणाऱ्यांसाठीच आहे. १९४८ च्या प्रादेशिक सेना अधिनियमात, सेवेसाठी बोलावलेला कर्मचारी परत आल्यावर त्यास पूर्वीच्या नोकरीत घेण्याचे बंधन मालकावर घातलेले आहे. गृहरक्षकाच्या बाबतीत आरंभच मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राने होतो. एका ठिकाणी कायदा मालकास आज्ञा करतो; दुसऱ्या ठिकाणी उमेदवारास मालकाकडे विनंती करावयास धाडतो. परिणामी ज्याची नोकरी पक्की आहे त्यासच हे प्रमाणपत्र निर्धास्तपणे मागता येते. कंत्राटी कामगार बहुधा मागतच नाही. मिळालेच तर ते पुढे आपल्याच विरुद्ध वापरले जाईल, अशी धास्ती त्यास असते.

शासकीय सेवकांची स्थिती त्या मानाने बरी आहे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यास गृहरक्षक दलात जाण्याची परवानगी असल्यास प्रशिक्षण व आपत्कालीन कर्तव्याच्या काळासाठी विशेष नैमित्तिक रजेची सोय आहे. ब्रिटनमध्ये विशेष शिपाई होणाऱ्या कर्मचाऱ्यास पगारी रजा देणाऱ्या आस्थापनांची एक स्वतंत्र योजनाच पोलीस खाते चालवते. असे असूनही तेथील विशेष शिपायांची संख्या २०१२ मधील २० हजारांवरून २०२४ पर्यंत ७ हजारांच्या खाली आली. कामाचे अनिश्चित तास आणि वाढता खर्च यांपुढे तेथेही फावला वेळ उरत नाही असे दिसते. आपल्याकडे संख्या टिकून आहे, ती फावला वेळ अधिक असल्याने नव्हे, तर रोजगार कमी असल्याने.

पेठेतील माणूस, पेठेतील बंदोबस्त

गृहरक्षकाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे त्याची स्थानिक ओळख. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिपायास मंगळवार पेठेतील गल्ल्या ठाऊक नसतात. कोणत्या बोळातून मिरजकर तिकटीवर येता येते, कोणत्या मंडळाचा कार्यकर्ता कोणाचे ऐकतो, हे स्थानिक गृहरक्षकास माहीत असते. ‘दादा, जरा मागं सरका’ या त्याच्या एका वाक्याने जे घडते, ते अनेकदा काठीने घडत नाही.

हेच बळ अडचणही ठरते. गृहरक्षकास रात्री दहानंतर ज्या मंडळाचा आवाज बंद करावयाचा असतो, त्याच मंडळाची वर्गणी त्याने दिलेली असते. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल संघांचा सामना असला की प्रेक्षागृहात त्याचेच मामेभाऊ व शाळूसोबती असतात. नियमित पोलिसाची बदली होते. गृहरक्षकाची होत नाही. बंदोबस्त संपल्यावर त्यास त्याच गल्लीतून घरी जावयाचे असते, आणि त्या वेळी त्याच्या अंगावर ना गणवेश असतो, ना अधिकार. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार व अश्रुधुराचा वापर करावा लागला, इंटरनेट सेवा खंडित करावी लागली. अशा प्रसंगी शेजाऱ्यापुढे शेजाऱ्यास उभे करावे काय, हा प्रश्न १९४६ इतकाच आजही अवघड आहे. स्वतःच्या पेठेत वाहतूक व गर्दीचे नियमन, आणि तणावाच्या प्रसंगी अन्य पेठेत नेमणूक, असा विवेक अधिकाऱ्यांनी ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महिला गृहरक्षकांच्या बाबतीत यात रात्रीच्या परतीचा प्रश्न मिळतो. अंबाबाई मंदिर परिसरातील स्त्रियांच्या रांगा त्यांच्यावाचून सांभाळणे कठीण, परंतु पहाटे कर्तव्यमुक्त झाल्यावर घरी पोहोचण्याची सोय बहुधा त्यांची त्यांनाच पाहावी लागते.

महाविद्यालयापुढील प्रश्न

आपल्या संस्थांत ना हरकत प्रमाणपत्र हा केवळ एक शिक्का समजला जातो. वस्तुतः त्यात पुढील सर्व गोष्टी दडलेल्या असतात. पाचारणाचा दिवस कोणत्या रजेत धरावयाचा, रात्रपाळीच्या बंदोबस्तानंतरच्या दिवसाचे काय, विद्यापीठ परीक्षेचे काम आणि बंदोबस्त एकाच दिवशी आल्यास प्राधान्य कोणास, हे प्रमाणपत्र देतानाच लिहून ठेवल्यास नंतरचा वाद टळतो. अनुदानित पदावरील कर्मचाऱ्यास शासनाचे रजा नियम लागू असतात. संस्थेने स्वतः नेमलेल्या, तासिका वा रोजंदारीवरील कर्मचाऱ्याबाबत निर्णय संस्थेच्याच हाती असतो, आणि अधिक गरज त्यासच असते. विद्यार्थ्याच्या बाबतीत उपस्थितीचा प्रश्न येतो. एन.सी.सी.च्या शिबिरास गेलेल्या छात्रास आपण सवलत देतो; यात्रेच्या बंदोबस्तास गेलेला विद्यार्थी मात्र गैरहजर गणला जातो.

आणखी एक अडचण अगदी व्यावहारिक आहे. बंदोबस्ताचा आदेश अनेकदा ऐनवेळी, आदल्या सायंकाळी दूरध्वनीवरून येतो. रजेचा अर्ज आगाऊ हवा, हा कार्यालयीन नियम तेथे निरुपयोगी ठरतो. कर्मचाऱ्याने निघताना तोंडी कळवावे आणि समादेशक कार्यालयाचे उपस्थितीपत्र आठ दिवसांत अर्जास जोडावे, एवढी मुभा प्राचार्यांना स्वतःच्या अधिकारात देता येण्यासारखी आहे. गणेशोत्सवापूर्वीच्या एखाद्या बैठकीत हा विषय घेतला, तर त्याच वर्षीच्या अनंत चतुर्दशीला त्याचा उपयोग होईल.